मशीन थांबलं की लॅडी उठायचा

लिबी हव्हेल्का सोमवारी यायची बंद झाली, तरी तिचे चौकोन येतच राहिले.

चर्चच्या तळघरात आम्ही आठ-नऊ बायका दर सोमवारी गोधड्या शिवायला जमतो. लिबीचं घर माझ्या घरासमोर, म्हणून तिचं खोकं न्यायचं काम माझ्याकडे आलं. पंधरवड्याला मी तिच्या मागच्या दाराशी जायची. ती दार वीतभर उघडायची, बुटांचं जुनं खोकं माझ्या हातात कोंबायची आणि "आत बोलावत नाही गं नोरीन, शिवण टाकून आलेय" म्हणत दार लावून घ्यायची. शेजारधर्म म्हणून मी कधी कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, नेले तर तेही त्याच फटीतून आत जायचे.

खोक्यात चौदा इंची चौकोन असायचे. वर पांढरं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, आणि त्या तिन्हींवर मशीनची मोकळ्या हाताची शिवण. ही शिवण सोपी नाही. मशीनचे दाते खाली पाडले की कापड आपणहून पुढं सरकत नाही; दोन्ही तळव्यांखाली धरून ते आपणच फिरवायचं. पेन्सिल जागच्या जागी ठेवून कागद हलवून चित्र काढावं, तसा प्रकार. आमच्यातल्या निम्म्या जणींचे टाके एक मोठा, एक बारीक असेच पडतात. लिबीच्या चौकोनांवर पिसं होती, गारगोट्या होत्या, वाऱ्यानं वाकलेली गव्हाची लोंबी होती आणि आपल्यालाच कुठं न छेदता चौकोनभर हिंडणारी नागमोडी रेघ होती. एकही टाका चुकार नाही.

"हिचं बरंय," अर्डिस म्हणायची. अर्डिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आमच्यात सगळ्यांत जुनी आणि तोंडानं तिखट. "नवरा निवृत्त, मुलगी तिकडं डेन्व्हरला. बसली की बसली मशीनवर. आम्ही आपल्या भांडी घासतोय. नशीब लागतं बायांनो."

आम्ही हसायचो. मीही हसायची.

लिबीच्या नवऱ्याचं, लॅडीचं, डोकं विसरभोळं झालंय हे गावात सगळ्यांना माहीत होतं. छत्तीस वर्षं तो रुळांपलीकडच्या धान्याच्या कोठारांवर कामाला होता. सहा फूट उंच, पोल्का नाचायला लागला की जमीन हादरायची. आधी तो पान्ह्या-पकडींची नावं विसरला, मग घरचा रस्ता, आणि मग आपण निवृत्त झालोय हेच विसरला. ते कळलं तेव्हा आम्ही सगळ्या जणी चीज घातलेले भाजलेले बटाटे घेऊन गेलो होतो. पुढच्या आठवड्यात आपापली भांडी परत घेऊन आलो. तिथंच आमचं संपलं.

आतलं मला कळलं ते फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास.

मी पायरीवरचा बर्फ काढत होते. समोरचं दार उघडलं आणि लॅडी बाहेर आला. अंगात नुसता सदरा, पायात मोजे. तो थेट रुळांच्या दिशेनं चालायला लागला.

"लॅडी! कुठं निघालास?"

"कामावर. वॅगनी उभ्या आहेत."

मी फावडं टाकून धावले. त्याचा दंड धरला, तर त्यानं मला बाहुलीसारखं बाजूला सारलं. तेवढ्यात मागून लिबी आली. तीही घरातल्या सपातांवर. डाव्या हाताला भांडी पुसायचं फडकं गुंडाळलेलं, आणि ते फडकं लाल होत चाललं होतं. ती त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"लॅडी, आज सुट्टी आहे रे. चल आत."

"सुट्टी? मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतेय ना."

दोघींनी मिळून त्याला परत नेलं. त्या दिवशी दार पहिल्यांदा पुरतं उघडलं.

स्वयंपाकघराच्या मधोमध मशीन होतं. समोर दोन हातांवर लॅडीची आरामखुर्ची. खिडकीत दोरा भरलेल्या बॉबिनी ओळीनं मांडलेल्या. आणि चौकोनच चौकोन. खुर्च्यांवर, फ्रिजवर, भिंतीला लागून माझ्या कमरेइतके ढीग. पाहुण्यांच्या खोलीचं दार त्या ढिगांमुळं लागत नव्हतं. आमच्याकडं येत होतं ते त्यातलं मूठभर.

"लिबी, हे काय गं?"

ती मशीनवर बसली. उजव्या हातानं एक चौकोन सुईखाली सरकवला आणि पेडल दाबलं. मशीन घरघरायला लागलं. तशी दाराकडं निघालेला लॅडी वळला, आपल्या खुर्चीत बसला आणि सुईकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी घाई उतरली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "हे असं."

मी तिचं बोट धुतलं. सुई नखातून आरपार गेली होती. मी पट्टी बांधत होते आणि ती पायानं पेडल दाबत होती, चौकोन एकाच जागी शिवला जात होता, आणि ती मला सांगत होती.

दीड वर्षापूर्वी ती पडद्याची खालची पट्टी दुमडत बसली होती. लॅडी येऊन समोर बसला, दोन तास हलला नाही. ती उठली तशी तोही उठला आणि दाराकडं गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दाराला साखळी लावून झाली होती, ती त्यानं चौकटीसकट उपटली होती. औषधं दिली तर चालताना पडायचा. मशीन मात्र लागू पडलं. मार्लानं, मुलीनं, मशीनचा आवाज फोनमध्ये भरून दिला. लॅडीनं फोनकडं बघितलं, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि टोपी शोधायला लागला.

"आधी गोधड्याच शिवल्या," ती म्हणाली. "कापायला, जोडायला उठावं लागतं ना, तेवढ्यात तो बाहेर. मग हे चौकोन सुरू केले. जुन्या चादरी, मार्ला येते तेव्हा कापून ठेवते. नुसत्या रेघा मारत राहायच्या. पहाटे तो उठायच्या आत बारा बॉबिनी भरते. संध्याकाळी सात वाजता तो झोपतो, तेव्हा उठते."

"आणि जेवण? आणि... बाकीचं?"

"डाव्या हातानं. बाकीचं दीड मिनिटात."

"तिकडं वृद्धाश्रमात त्याचं नाव घातलंयस ना?"

"अकरा जण आहेत पुढं. पुढच्या माणसानं मरावं अशी वाट बघतेय मी, नोरीन. अनोळखी माणसानं."

त्या सकाळी ती गारगोट्या शिवत होती. सुईकडं लक्ष होतं, पण डोळा लागला असावा. बोट सुईखाली गेलं. मशीन अडकलं. बोट अडकलेलं, आणि समोर लॅडी उठून टोपी न घालताच दाराकडं चाललेला. तिनं उजव्या हातानं चाक उलटं फिरवलं, एकदा नव्हे, तीनदा, तेव्हा सुई वर आली. "ओरडलेसुद्धा नाही गं," ती म्हणाली. "ओरडले असते तर तो बिथरला असता."

सुई हाडाला लागली असेल तर दवाखान्यात एक्स-रे काढावा लागणार होता. मी अर्डिसला फोन केला, गाडी घेऊन ये म्हटलं.

"मी जाऊ कशी?" लिबी म्हणाली. "तो उठेल. त्याला मीच लागते."

"मी बसते मशीनवर. बघू तर खरं."

"नाही चालायचं त्याला."

अर्डिस आली. तिनं खोलीत एकदा चौफेर नजर फिरवली. मग तिनं लिबीच्या खांद्यावर कोट टाकला. लिबी खुर्चीवरून अर्धी उठली, मी अर्धी बसले. तिचा पाय पेडलवरून निघाला आणि माझा पडला. मशीन क्षणभर अडखळलं. लॅडीनं मान वर केली. मी पेडल दाबत राहिले.

त्यानं मान खाली घातली आणि सुई बघायला लागला.

त्या दोन तासांत माझी पाठ मोडली. पायाला मुंग्या आल्या. पाणी प्यावंसं वाटलं, नाक पुसावंसं वाटलं, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचे गुडघे उठायच्या बेतात आहेत असं वाटायचं. एकदा तो म्हणाला,

"लिब, आज टाके मोठे पडतायत."

मी म्हटलं, "हो रे. हात दुखतोय."

"सावकाश कर. घाई नाही."

लिबी परत आली ती बोटाला जाडजूड बँडेज घालून. धावतच आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. लॅडीनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "लिब, कोणी बाई आल्यात बघ."

लिबी परत बाहेर गेली आणि पायरीवर, बर्फातच, बसली. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती, आणि मला उठता येत नव्हतं. माझा पाय पेडलवर होता. अर्डिस तिच्याजवळ जाऊन बसली. त्यांचं बोलणं अर्डिसनं मला नंतर सांगितलं.

"तो गप्प बसला, मग बरंच झालं की गं," अर्डिस म्हणाली होती.

"बरंच झालं," लिबी म्हणाली. "मला वाटायचं, तो माझ्यासाठी बसतो. शिवायचा वीट यायचा, बोटं वळायची नाहीत, तेव्हा मी तेच स्वतःला सांगायची. त्याला मी हवी आहे म्हणून मी बांधलेली आहे. पण कुणीही चाललं असतं."

"तो आजारी आहे, लिबी."

"माहीत आहे मला. ते माहीत असून काय करू?"

त्या सोमवारी तळघरात कुणी शिवलं नाही. अर्डिसनं कागदावर रकाने आखले आणि नावं घातली. रोज एक जण, दुपारचे तीन तास लिबीच्या मशीनवर. ज्या बाईला नीट शिवता येत नव्हतं तिनंही नाव घातलं. लॅडीला टाके मोठे चालत होते, फक्त तक्रार करायचा.

आम्हाला वाटलं होतं, लिबी आता सुटली. पहिल्या आठवड्यात ती गाडी काढायची आणि आपल्याच अंगणात गाडीत बसून राहायची. दुसऱ्या आठवड्यात किराणा दुकानात गेली, तिथं हातात सफरचंद घेऊन उभी राहिली आणि तशीच परत आली. मी तिला घरी कॉफीला बोलावलं तर टेबलाखाली तिचा उजवा पाय सारखा दाबत होता, सोडत होता. तिला स्वतःला ते कळत नव्हतं.

"ऐकू येतंय का तुला?" ती विचारायची. रस्ता ओलांडून कसला ऐकू येतोय मशीनचा आवाज! "येतोय," मी म्हणायची. मग ती कॉफी संपवायची.

नोव्हेंबरात वृद्धाश्रमाच्या यादीत लॅडीचा नंबर लागला. तिथं मशीन लागलंच नाही. तोवर तो उठण्याच्या पलीकडं गेला होता. लिबी रोज सत्तर मैल जाऊन त्याच्याशेजारी बसायची. एप्रिलमध्ये तो गेला. शेवटच्या आठवड्यात त्यानं तिला ओळखलं की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चौकोन मोजले तर दोन हजारांच्या वर भरले. त्यांच्या गोधड्या करून चर्चच्या लिलावात ठेवाव्यात असं ठरलं. लिबी म्हणाली, "न्या. फक्त मला दाखवू नका." आम्ही जोडायला बसलो तेव्हा त्या रेघांवरून बोट फिरवलं की कुठं ती दमली, कुठं डुलकी आली, कुठं धागा संपला आणि ती घाबरली, सगळं हाताला लागायचं. तपकिरी डाग पडलेला एक चौकोन निघाला. अर्डिसनं कुणाला न विचारता तो भट्टीत टाकला.

लिबीनं मशीन शाळेला देऊन टाकलं. त्यानंतर तिनं बटणसुद्धा लावलेलं मी पाहिलं नाही. मार्ला येते तेव्हा लावते.

ऑगस्टमध्ये शाळेला बस चालवायला माणूस हवं होतं. लिबी त्रेसष्ट वर्षांची. परवान्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. आता सकाळी साडेसहाला निघते, शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांनी ऐंशी मैल फिरून पोरं गोळा करते. पोरं तिला घाबरून असतात म्हणे. फार बर्फ पडला की शाळा बसगाड्या बंद ठेवते. त्या दिवशी लिबीलाही सुट्टी असते. तरी ती सहालाच कोट चढवून शाळेच्या आवारात जाते आणि उभ्या बसवरचा बर्फ झाडत बसते. मी एकदा विचारलं, आज कशाला गेलीस म्हणून. म्हणाली, "घरात मला अजून बसता येत नाही गं. येईल कधीतरी."