अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आमच्या घरात कुठलाही आहेर वरच्या एकाशिवाय पुरा होत नसे. अकरा, एकवीस, एकशे एक. वर एक ठेवला की सारखे वाटे पडत नाहीत, नातं टिकतं, असं अप्पा म्हणत. एकवीसला तीननं भाग जातो, असं मी लहानपणी एका लग्नात सांगितलं, तेव्हा काकांनी मला गप्प बसवलं होतं.

अप्पा सात भावांत थोरले. दसऱ्याची मिरवणूक जिथं संपते त्या बन्नीमंटपाच्या अलीकडे आमचा कापड रंगवायचा कारखाना. सातही जण त्यात, चूलही एकच. मग मिलचं छापील कापड स्वस्त झालं, आमच्या कढया थंड पडल्या आणि वाटणीची भाषा सुरू झाली. अप्पा तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. मी नुकतीच गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. घरातली पहिली पदवीधर, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

एका सकाळी अप्पांनी पाटीवर ओळीनं सात एक मांडले, प्रत्येक भावाचा एक. ह्या आकड्याला भाग जातो का बघ, म्हणाले. जात नसेल तर घरही राहील.

धाकटे काका दारातूनच बोलले, "विचारा कालेजच्या बाईंना. रंग कालवता येत नाही, आकडे तरी कालवू देत."

मी कापड आपटायच्या काळ्या दगडावर खडूनं भागाकार मांडत गेले. शेवटचा अंक एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज सात, म्हणून तीनही बाद. मग सात, अकरा, तेरा, अशा अविभाज्य संख्या एकेक करून पुढं. वर्गमुळापर्यंत, म्हणजे हजाराच्या थोडं पलीकडंपर्यंत काही सापडलं नसतं, तर अप्पांचा आकडा अविभाज्य ठरला असता. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले. मलाही वाटू लागलं, नाहीच जात. दोनशे एकोणचाळीसला बाकी शून्य आली. उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास, आणि त्याला पुढं कशानंच भाग जाईना.

आईनं पदर ओला करून दगड पुसला. जात नाही म्हणून सांग, म्हणाली. मला ते जमण्यासारखं नव्हतं. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

"जातो," मी अप्पांना सांगितलं. "दोनच तुकडे होतात. त्यांचे पुढं होत नाहीत."

"सुम्मने सांगत नाहीस ना? उगीच?"

"उलट गुणून बघितलं."

त्यांनी पाटी जवळ ओढली. "सारखे आहेत?"

"नाही. एक लहान, एक मोठा."

"मग कोण कुणाकडं?"

ते गणितातून निघत नव्हतं.

अप्पा दसऱ्याआधी गेले. तेराव्याला अंगणात दोन पंगती बसल्या, कुणी न सांगता. एकीकडं दोन काका, दुसरीकडं चार. भाताचं पातेलं माझ्या हातात होतं. कुठून वाढू, असं मी आईला विचारलं. ती एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली.

"खाली ठेव ते," म्हणाली.