टिंबं माझी, अक्षरं ह्यांची

रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा ओळखत नाही. ठेवला की ते लाल होतं आणि दुकानदार बापू म्हणतो, "गंगाकाकू, जरा घासून या." जन्मभर भांडी आणि खुरपं घासूनच तो गुळगुळीत झालाय, आता आणखी काय घासू?

यंदाच्या हिवाळ्यात असंच झालं तेव्हा सोबत माझी नात ऋतुजा होती. ती पुण्याला अक्षरं काढायला शिकते. होय, त्याचंही कॉलेज असतं. मी अक्षर न शिकता म्हातारी झाले आणि ही शिकलेली अक्षरं पुन्हा शिकायलीय! हा मजकूर मी बोलते आणि ती लिहिते. माझं बोलणं ती धुऊन, इस्त्री करून मांडते. मग मी तिच्याकडून सगळं वाचून घेते आणि मधेच दरडावते, "हे मी म्हनले होते का गं?"

तर रेशनहून परत येताना ती म्हणाली, "आज्जी, परभणीत अक्षरांचं प्रदर्शन भरायलंय. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या पेंटर लोकांची एक भिंत करणार हायेत. आबांचं नाव तिथं लागलं पाहिजे."

आबा म्हणजे आमचे मालक, ऋतुजाचे आजोबा. शेत थोडं, म्हणून बोर्ड रंगवायचे. दुकानं, गिरण्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती. ताडकळसपासून पार पेडगावपर्यंत त्यांचा ब्रश फिरला. पण बोर्डाखाली सही कधी केली नाही. म्हणायचे, "दुकान त्याचं, माझं नाव कशाला?" झाली का पंचाईत! प्रदर्शनवाल्यांनी ऋतुजाला सांगितलं होतं, एक तरी बोर्ड आणा आणि तो त्यांचाच हे दाखवा. नाहीतर नाव लावता येणार नाही. भिंत उभी राहायला तीनच दिवस होते.

"सही न्हाई, मग कसं दाखवायचं?" ऋतुजा रडवेली झाली.

"चल तर खरं," मी म्हणाले, "मला वळखू येतंय."

सुरुवात गावातूनच केली. ताडकळसच्या कापडदुकानावर आता फ्लेक्स होता, त्यावर हसणारी बाई. खालचा पत्रा कुठं गेला म्हणून विचारलं तर मालकाचं उत्तर, "काकू, तो कोंबड्याच्या खुराड्यावर घातलाय." खुराड्यापाशी जाऊन बघितलं. कोंबड्यांनी त्यावर जे लिहिलं होतं, ते वाचायला शाळा लागत नाही. आबांचं काहीच उरलं नव्हतं.

मग एसटीनं परभणी. बायांनो, ऐका: एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि माझ्या वयाला तेही नाही. तेव्हा हिंडायला निघायचं तर घरच्यांना खर्चाचा बहाणा करू देऊ नका. गाडीत बसल्यावर ऋतुजाला गुपित सांगितलं. ते बोर्ड रंगवायला निघाले की मलाही न्यायचे. आधी खडूत घोळलेली दोरी ताणायची. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते दोरी मधून उचलून सोडायचे, टण्ण करून पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. त्या रेघेला सगळी अक्षरं लोंबायची, वाळवणाच्या दोरीवर कपडे लोंबतात तशी. आणि रंग झाला की वरची टिंबं मी द्यायची. ब्रशनं नाही, अंगठ्यानं. कुंकू लावतात तसं दाबायचं.

"ब्रशनं गोल येत न्हाई, म्हनायचे," मी सांगितलं. "खोटं. मला सोबत न्यायला कारण लागायचं."

ऋतुजानं माझा अंगठा हातात घेतला. लहानपणी विळा लागून त्यावर आडवी चीर पडलीय. तिथं रंग बसत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक टिंबावर गव्हाच्या दाण्याला असते तशी फट राहते.

परभणीहून दुसरी गाडी धरून पोखर्णीला गेलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं, देवळाबाहेर गरम भजी खाल्ली (मिरची निवडून बाजूला ठेवा, ती पाहुण्यांना ओळखते). आणि तिथंच एका प्रसादाच्या दुकानावर जुना बोर्ड! निळ्यावर पांढरी अक्षरं, वेलांट्या अशा वळलेल्या की ऋतुजा उड्याच मारायला लागली.

"आज्जी, आबाच हायेत हे! ते वळण बग!"

मी स्टुलावर चढून टिंबाकडं निरखून बघितलं. गुळगुळीत, गोल, चकचकीत. फट नाही.

"ह्यांचा न्हाई."

"कोनाला कळनार हाय आज्जी? वळण तर त्यांचंच दिसतंय. हाच नेऊ."

"मला कळंल की," मी म्हणाले. "दुसऱ्या कोन्या बाईच्या नवऱ्याची मेहनत आपल्या भिंतीवर टांगायची का? तिनं येऊन वढली माझी येणी, तर तू सोडवशील?"

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.  माझ्या मनात धास्ती होती: खरंच एकही उरला नसेल तर? माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज राहत नाही, वास राहत नाही. निदान त्यांची अक्षरं कुठंतरी ऊन खात असतील, या भरवशावर मी होते.

रात्री मुक्काम परभणीत लेकाकडं. सकाळी सुनेनं सुशीला केला. परगावच्यांनी पोहे मागून आपली अब्रू घालवू नये; इथं आलात तर चुरमुऱ्यांचा सुशीला खा, वर शेंगदाणे आणि लिंबू. पोट भरलं की नातीचा राग उतरतो, हेही लिही म्हणाले. तिनं लिहिलं.

पेडगावला जाताना दोन्हीकडं ज्वारी उभी होती. तिथं एका गिरणीचा बोर्ड मला आठवत होता, कारण तो रंगवताना मिरची कांडायला चालू होती आणि मी शिंकून शिंकून एक टिंब जागेवरून हलवलं होतं. गिरणी सापडली. पण वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेले दहा-बारा जण. गिरणीवाली सरस्वती, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पिठानं.

"जुना बोर्ड व्हता का गं इथं?"

"व्हता नव्हं, हाय. त्यायच्या मागं," तिनं गॉगलवाल्यांकडं बोट केलं. "कामून विचारायल्या मावशी?"

कारण सांगितलं. तिनं चक्की बंद केली, शिडी लावली आणि स्वतःच वर चढली. "वाढदिवस तर कवाच झाला. निगा आता," म्हणून फ्लेक्सच्या सुतळ्या विळ्यानं कापल्या.

गॉगलवाले खाली कोसळले आणि मागून पिवळाधमक पत्रा निघाला. लाल अक्षरं, कडेला काळी सावली. इतक्या वर्षांचं ऊन त्या फ्लेक्सनंच अंगावर घेतलं होतं, म्हणून रंग कालचा वाटत होता. ऋतुजा वाचायला लागली: "शंकर मिरची कांडप केंद्र."

मी अक्षरांकडं बघितलंच नाही. वर तीन लाल टिंबं होती. तिन्हींवर आडवी फट. आणि मधलं जरा उजवीकडं सरकलेलं.

"हाच," मी म्हणाले, आणि शिंकले. मिरची तेवढीच तिखट आहे अजून. डोळ्यांतलं पाणी त्या शिंकेचंच होतं, असं ऋतुजानं लिहावं.

सरस्वतीनं बोर्ड उसना दिला. अट एकच: "परत इथंच लावायचा मावशी. गिऱ्हाइकाला बी दिसू द्या, फ्लेक्सच्या मागं काय व्हतं." अ‍ॅपे रिक्षात बोर्ड मांडीवर आडवा धरून आम्ही परभणीत शिरलो. रस्त्यात लोक वळून बघत होते. लग्नाच्या वरातीतही मला कुणी एवढं बघितलं नव्हतं.

प्रदर्शनात तर अक्षरांचा बाजारच. पाटीवर, मातीवर, कापडावर. एका मुलीनं नुसत्या 'ळ'ची चित्रं मांडली होती. मला ते बैलाच्या डोळ्यांसारखं दिसलं, तसं सांगितलं तर तिनं लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. तिथले मुख्य सर चांगले होते, चष्मेवाले, अदबीचे. बोर्ड बघून हरखले. पण म्हणाले, "आजी, सही नाही यावर. आबांचाच कशावरून?"

"शाईचा पॅड हाय का?"

त्यांना वाटलं, म्हातारी कुठंतरी अंगठा उठवायला मागतेय. पॅड आणला. मी कागदावर अंगठा दाबला आणि कागद टिंबाशेजारी धरला. अंगठा आता सुकलाय, टिंब तरणं आहे. पण फट तीच, तशीच आडवी. सरांनी भिंग आणलं. कागद बघितला, पत्रा बघितला, मग माझा अंगठा बघितला. लोक गोळा झाले. भिंग हातोहात फिरायला लागलं.

सर मोठ्यानं हसले. "आजी, मग इथं एक नाव लावून कसं भागेल? दोन लागतील!"

"लावा की. भिंत मोठी हाय."

छापील चिठ्ठी ऋतुजाला नको होती. तिनं पाटी घेतली, दोरीचं एक टोक मला दिलं. टण्ण. रेघ उमटली. तिनं लाल रंगात दोन नावं काढली आणि ब्रश खाली ठेवला.

"आज्जी, टिंबं राहिली."

अनंता पेंटर आणि गंगाबाई. ह्यांचं नाव इथं ऋतुजानं घातलंय, मी नाही उच्चारलं. लग्न झाल्यापासून ते तोंडानं कधी घेतलं नाही. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर अंगठा रंगात बुडवला आणि त्यांच्या नावावर टिंब ठेवलं, आडनावाच्या जागी 'पेंटर' होतं त्यावर एक, आणि मग माझ्या स्वतःच्या नावावर. टाळ्या पडल्या. मी पदर सावरला आणि म्हणाले, "वाळू द्या आधी. बोट लावाल."

घरी येऊन आता आठवडा झाला. बोर्ड पेडगावला परत गेला आणि वर टांगला गेला. गॉगलवाल्यांचा फ्लेक्स सरस्वतीनं ज्वारीच्या पोत्यांवर अंथरलाय. तुमच्या गावात फिरायला निघालात तर फ्लेक्सच्या मागं डोकावून बघा. आणि टिंबाला फट दिसली, तर मला निरोप धाडा.

काल रेशनला गेले. अंगठ्याच्या नखात अजून लाल रंग होता. मशीन नेहमीसारखं लाल झालं.

"काकू, जरा पुसून ठेवा की," बापू म्हणाला.

"न्हाई पुसत. परभणीत भिंतीवर सगळ्यांला दिसायलाय तो. तुझ्याच मशीनला चष्मा लाव."

तो हसला, मोबाईलवर आकडे मागवून त्यानं गहू मोजला. मी पिशवीत हात घालून एक दाणा काढला आणि फट वर करून त्याच्या तळहातावर ठेवला.

"बग बापू. ही माझी सही."