निळी गाडी आणि सासूबाईंचा हात

वैशाखातली सकाळ, कर्जतजवळ दहिवलीतलं आमचं अंगण आणि अंगणाच्या मधोमध ह्यांची गाडी… एकोणऐंशी किंवा ऐंशी साल असेल, नक्की आठवत नाही. पण ती सकाळ पक्की आठवतेय.

आमचे हे खोपोलीला एका कारखान्यात फिटर. भंगारातून इंग्रजांच्या काळातल्या मोटारीचा सांगाडा उचलून आणला आणि दोन वर्षं खपून घरीच गाडी उभी केली. कारखान्यातल्या एका साहेबाकडे त्यांनी अमेरिकन मासिकात फोटो पाहिला होता… मडगार्ड काढलेली, छप्पर उडवलेली, रस्त्याला चिकटून चालणारी गाडी. साहेब म्हणाले, याला 'हॉट रॉड' म्हणतात. आमच्या आळीने मात्र ह्यांच्या गाडीला 'बेडूक' म्हणायला सुरुवात केली.

खोटं कशाला बोलू, दिसायची तशीच! इंजिन एका हाकेत सुरू व्हायचं, पण रूपाच्या नावाने आनंद. पत्रा जागोजागी चेपलेला, पुढचं तोंड वर… शेवटी मीच एकदा म्हटलं, "ही नाक वर करून का उभी असते? तिला जरा नमायला शिकवा." गमतीत म्हटलं हो. ह्यांनी मनावर घेतलं आणि चाकांवरच्या कमानींतले, म्हणजे स्प्रिंगांतले, पाटे कमी करून गाडी चांगली वीतभर खाली बसवली.

मग वर्षभर नुसतं घासणं. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायची, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचं… आणि 'लाइन बसत नाही' म्हणून सगळं परत खरवडायचं. संसारात एवढं लक्ष घातलं असतं तर… जाऊ द्या.

शेवटी रंग दिला. निळा. कुठला द्यायचा हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. तीन हात दिल्यावर त्यात बघून केस विंचरावेत अशी गाडी चकाकायला लागली.

आणि नवीनच दुखणं सुरू झालं… "हात लावू नका!" पोरं आली, हात लावू नका. शेजारी आले, हात लावू नका. माझे तर कायम पिठाचे हात, मला अंगणात लांबूनच वळसा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. त्या वर्षी आमच्या विहारात पहिल्यांदा बुद्धमूर्ती येणार होती. मुंबईहून रेल्वेने कर्जतला, आणि स्टेशनापासून विहारापर्यंत मिरवणूक. मूर्ती आपल्या गाडीतून यावी, एवढीच ह्यांची इच्छा. बोलून दाखवायचे नाहीत, पण सीटच्या मागे मूर्तीच्या मापाची सपाट जागा त्यांनी आधीच करून ठेवली होती.

तर त्या सकाळी विहार कमिटीचे अध्यक्ष गोविंदअण्णा गाडी बघायला आले. दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं. "गाडी झाक झालीय रं शांताराम. पन लय खाली हाय. मूर्ती मानसांच्या कमरेला येल, बरं नाय दिसत. आमी ट्रक सांगतो."

ह्यांचा चेहरा उतरला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण गाडीला नमायला मीच सांगितलं होतं ना! हे जॅक घेऊनच आले… काढलेले पाटे परत घालायला. वर्षभर जमवलेली लाइन स्वतःच्या हाताने मोडायला.

ओट्यावर सासूबाई बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. पाठीतून वाकलेल्या, उभ्या राहिल्या तरी माझ्या खांद्याच्या खालीच. त्या उठल्या, काठी टेकत आल्या आणि मूर्तीच्या जागेवर सरळ तळहात ठेवला. वालाच्या चिकट हाताने, त्या निळ्या रंगावर! ह्यांच्या तोंडून सवयीने निघालंच… "आये, हात लावू नको!"

सासूबाईंनी हात काढला नाही. "सारा जल्म ह्येच ऐकलं रं. इहिरीवर ऐकलं, देवळाच्या पायरीवर ऐकलं. आता घरच्या दारातबी?"

ह्यांनी जॅक खाली ठेवला. मान वर करवेना त्यांना. सासूबाई मग अण्णांकडे वळल्या. "ट्रकावर चढून फुलं तुमी वाहनार, आमी बायांनी खालनं बगायचं. हितं माजा हात पोचतोय अण्णा. आनि काय पायजे?"

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "ऱ्हाऊ दे रं शांताराम," म्हणाले, "हाय तशीच आन स्टेशनावर." आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मिरवणुकीच्या दिवशी अर्ध्या तासाच्या वाटेला तीन तास लागले. मिरवणूक दर दहा पावलांवर थांबायची. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कडेवरची पोरं… सगळ्यांनी आपापल्या हाताने मूर्तीपुढे फूल वाहिलं. सासूबाईंनी तर दोनदा, मी पाहिलं ना! इतक्या हळू चालवून नदीच्या पुलापाशी इंजिन तापलं आणि बंद पडलं, तर पुढची वाट सगळ्यांनी गाडी ढकलत नेली. 'बेडूक' म्हणणारे सगळ्यात पुढे होते.

संध्याकाळी गाडी अंगणात आली, तर निळ्या रंगावर नुसते हातच हात उमटलेले… धुळीचे, घामाचे, लहान, मोठे. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले. ह्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, "राहू दे" म्हणाले. आठ दिवस पुसू दिलं नाही.

आता ती गाडी नाही, सासूबाई नाहीत, हेही नाहीत. परवा नातवाने दारात नवी कोरी गाडी आणून उभी केली. तो "आजी, ओरखडा…" म्हणेपर्यंत मी बॉनेटवर पूर्ण तळहात टेकवून मोकळी झाले होते… सासूबाईंच्या नावाने.