धाराशिवचे तक्ते आणि शाहीनचा कोड

बातमीला जागा कमी पडली की तिचं शेपूट कापतात. किश्शाचं उलटं असतं. तो जितक्या जणांना सांगाल तितकं त्याला नवं शेपूट फुटतं! आमच्या ऑफिसात असे शेपूटवाले किस्से इतके साचलेत की आता चहाला पाहुणा आला तर त्याला खुर्ची आधी द्यायची की किस्सा, असा प्रश्न पडतो.

पेपरचं ऑफिस म्हणजे काय, तर धाराशिवच्या एसटी स्टँडजवळच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं. मी बातमीदार, केस पांढरे झाले तरी भांडणाची हौस फिटलेली नाही. बब्रुवान हा पेपरची पानं लावणारा, जुना माणूस. आणि शाहीन ही इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, जिभेनं तिखट मुलगी. तालुक्यांतून बाजारभाव, धरणातलं पाणी, कार्यक्रम असली माहिती येते. शाहीननं असा कोड लिहिला की ती माहिती आत टाकायची, एंटर दाबायचं, आणि बाहेर वर्डची फाइल! ओळी, रकाने, मथळा, सगळं जागच्या जागी. पूर्वी हेच तक्ते बब्रुवान एकेक चौकोन भरत हातानं करायचा.

आता हेड ऑफिसला हे बघवेना. तिथले व्यवस्थापक देशमाने यांनी फर्मान काढलं, "सगळ्या जिल्ह्यांचे तक्ते यापुढे इथूनच होतील. धाराशिवला एक बातमीदार पुरे." म्हणजे शाहीन घरी, बब्रुवान घरी, आणि मी एकटा दोन खोल्यांत! मी फोनवरच भांडलो. इतका, की खालचा पानवाला वर येऊन विचारू लागला, "साहेब, कुणाला हाणलं?" शेवटी देशमाने म्हणाले, "ग्रामपंचायतीच्या निकालाला दोन्हीकडून तक्ते करा. बघू कुणाचा चांगला होतो." तोपर्यंत आमच्या खुर्च्या शाबूत.

तर ऐका.

*

पहिला दिवस. शाहीननं एंटर दाबलं. बब्रुवाननं अजून चष्मासुद्धा लावला नव्हता, तोवर फाइल तयार!

"परत कर बघू," तो म्हणाला.

तिनं परत केली.

"आणखी एकदा."

तिनं आणखी एकदा केली. बब्रुवान खुर्चीत मागं टेकला. "बंद कर पोरी. माझं अर्धं आयुष्य गेलं की गं ह्यात!"

पण पान छापून हातात घेतलं तर आकडे मोकळ्या रानात उभे. एकही रेघ नाही! तक्त्याला रेघा मारायला कोडमध्ये वेगळं सांगावं लागतं, ते शाहीन विसरली होती. ती कोड दुरुस्त करायला वळेपर्यंत बब्रुवाननं ड्रॉवरमधून पट्टी आणि काळा पेन काढला होता, आणि जीभ दातांत धरून छापील कागदावर रेघा मारायला सुरुवात केली होती.

"काका, अहो, एका ओळीचं काम आहे माझं!"

"तुझं तू कर," बब्रुवान मान वर न करता म्हणाला. "तुझ्या मशीनला पेरता येतंय, पण बांध घालायला माणूसच लागतोय!"

*

एका पुढाऱ्याचा वाढदिवस. शुभेच्छा देणाऱ्यांचा तक्ता, वर पुढाऱ्याचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत, खाली त्याचा मोबाइल नंबर बारीक. शाहीननं कोडमध्ये पहिल्या दोन्ही ओळी ठळक आणि मोठ्या करून टाकल्या. नंबर काय, नंतर लहान करू म्हणाली, आणि राहून गेलं.

आता गंमत बघा. ठळक आणि मोठं करण्याचा तो हुकूम फक्त इंग्रजी अक्षरांना आणि आकड्यांना लागू होतो. देवनागरीसाठी वेगळा हुकूम द्यावा लागतो, हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक! सकाळी पेपर आला. पुढाऱ्याचं नाव मुंगीएवढं, आणि इंग्रजी आकड्यांतला मोबाइल नंबर चांगला बोटाएवढा, काळाकुट्ट!

दुपारी पुढाऱ्याचा फोन. आवाज बसलेला.

"साहेब, सकाळपास्नं फोन थांबंना."

मी म्हटलं, "चांगलंय की! शुभेच्छा येतायत."

"शुभेच्छा कुठल्या! एकजण म्हणतोय गावातला लाइटीचा डीपी जळालाय, एकजण म्हणतोय नळाला पाणी न्हाय. एक म्हातारी तर सांगत बसली, तिची म्हैस कुठं गेली ते!"

त्या डीपीसाठी मी किती वेळा लिहिलं होतं, किती अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटले होते! कुणी ढिम्म हललं नव्हतं. त्या आठवड्यात नवा डीपी बसला. शाहीन म्हणाली, "सर, तुमच्या लेखाचा फाँट चुकत होता इतके दिवस."

*

रिकाम्या चौकोनात काय टाकायचं, असं शाहीननं विचारलं. बब्रुवान म्हणाला, "सरकारी तक्त्यात रिकामं ठेवत न्हाईत. निरंक लिहितात. तेच टाक." मला हा शब्द बघितला की डोकं फिरतं. गावात रस्ता नाही, तर अहवालात म्हणे 'तक्रारी: निरंक'! पण त्या दिवशी मी बाहेर होतो, आणि कोडमध्ये निरंक शिरला.

दुसऱ्या दिवशी 'आजचे कार्यक्रम' असा तक्ता छापून आला. एका सत्काराच्या आयोजकांनी पाहुण्यांचं नाव कळवलंच नव्हतं. पेपरात आलं, 'प्रमुख पाहुणे: निरंक'.

आयोजक धोतर सावरत जिना चढून आले. "निरंक म्हंजे काय हो? मोठा माणूस येणार हाय, मुंबईस्नं! तुमी आमची इज्जत काढली!"

मीही ऐकून घेणारा नाही. म्हटलं, "नाव कळवलं नाहीत तुम्ही, आणि ओरडता आमच्यावर?" चांगलं जुंपलं आमचं. खालचा पानवाला परत वर आला.

संध्याकाळी त्याच आयोजकांचा फोन. आवाज एकदम मऊ.

"साहेब, पाहुणे आलेच न्हाईत हो."

"अरेरे."

"ते जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पोराच्या लग्नाला एकजण मंत्री बोलावलाय. तेवढं तुमच्या मशीनला विचारून सांगा की, येणार का न्हाय. मंडप किती मोठा घालायचा ते ठरवायचंय!"

*

उमरग्याकडचे एक आडतदार आहेत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांच्या दुकानाचं नाव चांगलं लांबलचक. देव, आजोबा, वडील, मुलगे, सगळे त्यात. बाजारभावाच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला, आणि त्यांच्या नावाचा रकाना आक्रसून बोटाएवढा झाला. मग काय! नावातलं एकेक अक्षर एकाखाली एक. पानाच्या डोक्यापासून तळापर्यंत एकटेच आडतदार!

मी मनाची तयारी करून फोन उचलला. शिव्या कुठल्या भाषेत येतात एवढंच बघायचं होतं.

"येन्री साहेब! अख्खं पान दिलंत की आमाला! आमच्या बापानं सुद्धा एवढं मोठं नाव कवा लावलं न्हवतं!"

मी फोन ठेवतोय तोवर जिन्यात चपलांचा आवाज. बाजारातले बाकीचे आडतदार, सगळे एकदम! पुढचा म्हणाला, "त्यांचं नाव एवढं लांब छापलं, आमी काय भुईमुगाच्या टरफलाचा धंदा करतोय व्हय? उद्या आमचीबी नावं तशीच पायजेत. वरपास्नं खालपत्तोर!"

शाहीन बिचारी सकाळपासून तो रकाना रुंद करत बसली होती.

*

निकालाआधी हेड ऑफिसनं सराव म्हणून एक दिवस आमच्या जिल्ह्याचा बाजारभावाचा तक्ता स्वतः केला. देखणा! रंगीत मथळा, गुळगुळीत रेघा. देशमान्यांनी मला मुद्दाम फोन केला. "बघितलंत? याला म्हणतात फिनिशिंग."

मी पान बघितलं. वाशी: हापूस, फ्लॉवर, ब्रोकोली.

आमचं वाशी म्हणजे तालुक्याचं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा. ब्रोकोली तिथं कुणी वाढदिवसालासुद्धा आणत नाही! हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरनं वाशी म्हटल्यावर थेट नवी मुंबई गाठली होती.

दिवसभर वाशीहून फोन. त्यातला एक शेतकरी अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या बाजारात हापूस कुठल्या कोपऱ्यात बसलाय तेवढं सांगा. म्या सकाळपास्नं तीनदा चक्कर मारली."

मी तो फोन तसाच देशमान्यांना जोडून दिला. बोला म्हटलं आता फिनिशिंगवर!

*

आणि मग आला निकालाचा दिवस.

देशमाने स्वतः धाराशिवला आले. लॅपटॉप उघडून माझ्याच खुर्चीत बसले. एका टेबलावर शाहीन, समोरच्या टेबलावर हेड ऑफिस. तहसीलमधून आमचा वार्ताहर आकडे पाठवणार, तेच दोघांना मिळणार. बब्रुवान देवाचा अंगारा लावून आला होता. मी येरझाऱ्या घालत होतो. शाहीन एकदाच हळू आवाजात म्हणाली, "सर, आज चुकलं तर अब्बांना काय सांगू? त्यांनी सगळ्या मोहल्ल्यात सांगितलंय, पोरगी पेपरात आहे म्हणून."

आकडे येत गेले, तक्ते निघत गेले. दोन्हीकडे बरोबर. मग वाशी तालुक्यातल्या एका गावाचा एक प्रभाग आला. तिथं दोन सख्ख्या जावा समोरासमोर उभ्या होत्या. थोरली सुमनबाई एका पॅनलकडून, धाकटी संगीता दुसऱ्याकडून. घर एक, चूल एक, आणि प्रचाराच्या गाड्या मात्र दोन!

आमचा तक्ता बघून देशमाने टाळी वाजवून हसले. "दोन बायका, आणि मतांचा आकडा एकच? दुसरीचा खाल्ला काय तुमच्या प्रोग्रामनं?"

शाहीननं कोडमध्ये असं लिहून ठेवलं होतं की एकाखाली एक तोच मजकूर आला, तर ते चौकोन जोडून एकच मोठा चौकोन करायचा. पान नेटकं दिसतं. दोघींच्या नावांपुढं एकच चौकोन होता, आणि त्यात एकच आकडा. त्याच्या शेजारच्या रकान्यात, तसाच जोडलेला, दुसरा चौकोन: 'समान मते'.

"खाल्ला नाही," शाहीन म्हणाली. "दोघींना तेवढीच मतं आहेत."

"असं कुठं असतं!" देशमाने म्हणाले. त्यांच्या प्रोग्रामला बरोबरी ठाऊकच नव्हती. तो वरचं नाव उचलून मोकळा झाला होता: 'सुमनबाई विजयी'. आणि ते त्यांनी पेपरच्या वेबसाइटवर टाकलंसुद्धा!

मी तहसीलला फोन लावला, स्पीकरवर. तिथला कर्मचारी म्हणाला, "बरोबरी झालीय साहेब. आता चिठ्ठी टाकून ठरणार. पण तुमच्या पेपरनं आधीच निकाल दिलाय म्हणं? गावात फटाके वाजायलेत!"

थोड्या वेळानं चिठ्ठी निघाली. संगीता विजयी!

आता टाळी वाजवायची पाळी माझी होती. भांडायचंसुद्धा विसरलो, इतका आनंद झाला होता! पण देशमाने चष्मा पुसत म्हणाले, "एखादी चूक होते. खर्चाचाही विचार करावा लागतो. उद्या निघताना निर्णय सांगतो." बब्रुवाननं कपाळावरचा अंगारा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमाने बॅग घेऊन उभे, आम्ही तिघं समोर. ते घसा खाकरतायत, तोवर खाली जीप थांबली. जिन्यानं दोन बायका वर आल्या. दोघींच्या केसांत गुलाल, हातांत पेढ्यांचा पुडा. सुमनबाई आणि संगीता! सगळं घर घेऊन तुळजापूरला दर्शनाला निघाल्या होत्या, वाटेत मुद्दाम थांबल्या.

देशमान्यांनी हात जोडले. "सुमनताई, माफ करा. तुम्ही निवडून आल्याचं आमच्याकडून चुकून गेलं."

"माफी कशाला?" सुमनबाई म्हणाली. "तुमचा निकाल आला आन् सासूबाईनं माझ्या तोंडात साखर घातली. लग्न होऊन आल्यापास्नं पहिल्यांदा! आता ती काय परत काढून घेणार हाय व्हय?"

"आन् चिठ्ठी निघाली तशी मलाबी घालावी लागली," संगीता म्हणाली. "दोघींचं तोंड गोड झालं. न्हाय तर एकीचंच झालं असतं." मग तिनं मोबाइलवर आमचा कालचा तक्ता उघडला, वार्ताहरानं गावात पाठवला होता. "ह्यो असा छापून द्या आमाला. आमच्या दोघींचा एक चौकोन असलेला. घरात लावायचाय."

"पण ताई, आता निकाल लागलाय," देशमाने म्हणाले. "तुम्ही विजयी आहात. नवा तक्ता देतो ना, फक्त तुमच्या नावाचा."

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.

शाहीननं एंटर दाबलं. कागद बाहेर आला. सुमनबाईनं तो दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि विचारलं, "हे बनवतंय कोण? आन् कुठं?"

आम्ही तिघांनी देशमान्यांकडं बघितलं. देशमान्यांनी बॅग खाली ठेवली, पुड्यातला एक पेढा उचलला, आणि छाती पुढं काढून म्हणाले, "इथंच बनतं ताई. ही काय, आमची शाहीन बनवते!"