न मोडलेलं हाड

शेख सर पोरांच्या तोंडाकडे क्वचितच बघत. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहून ते येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघायचे. कोण एकाच पायावर भार देतंय, कुणाची टाच टेकत नाही, कोण पायरी चढताना कठड्याला धरतंय. असं कुणी दिसलं की त्याला बाजूला घ्यायचे. "आज खेळायचं न्हाई. बसून बघायचं." पोरगं काही दुखत नाही म्हणून शपथा घ्यायचं. सर मान हलवायचे. "तोंड खोटं बोलतं. पाय न्हाई बोलत."

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक आणि मी विज्ञानाची. मी रुजू झाले तेव्हाच त्यांची वीस वर्षं मैदानावर गेली होती. बोलताना वाटायचं, हे वाक्य त्यांनी आधी शंभरदा म्हटलंय. खरंच म्हटलेलं असायचं. अंग गरम केल्याशिवाय डाव नाही. आठवड्यातून दोन दिवस विसावा. उडीवरून खाली येताना गुडघे वाकवायचे. "मांजरावानी उतर गं, पोत्यावानी न्हाई!" मैदानातले खडे ते स्वतः वेचायचे. शिक्षकांच्या खोलीत लोक हसायचे, शेखांचा संघ खेळतो कमी आणि वाकतो जास्त, म्हणून.

सोनाली नववीत होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती चुलतीकडे राहायची. खो-खोत तिच्याइतकं चपळ आमच्याकडे कुणी नव्हतं. त्या वर्षी मुली तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या. सामन्याच्या सकाळी सरांनी मला हाक मारली. "बाई, हिची नडगी बघा जरा."

पँटखाली तिनं रुमाल आवळून बांधला होता. मी तो सोडला आणि हाडावर एके ठिकाणी बोट दाबलं. ती कळवळली.

"किती दिस झाले?" सरांनी विचारलं.

"पंधरा."

"मग आज तू बसायचं."

"सर, पाया पडते. आजच्या दिवस खेळू द्या. बापूंना फोनवर सांगितलंय मी."

सर दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "शेख सर, जिल्ह्याला जायचंय ना आपल्याला?"

"जायचंय. पन हिच्या पायावरून न्हाई."

आम्ही एका गुणानं हरलो. मुली रडल्या. सोनाली सरांशी बोलेना. एसटी स्टँडवर लोक सरांना ऐकू जाईल असं बोलले. तिच्या वडिलांचा, बापूंचा, फोन उसाच्या फडातून आला. ते रागानं बोलत राहिले, सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "दादा, तुमची पोरगी सोन्यासारखी हाय, म्हनूनच बसवली."

दोन दिवसांनी तिला घेऊन आम्ही दोघं नगरला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. "अशीच पळत राहिली असती तर हाड मोडलं असतं. आता दोन महिने पळणं बंद."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, हा एक्स-रे गावात दाखवू या."

"दाखवा की. चषक आसता तर लोकांनी मिरवला आसता. न मोडलेल्या हाडाची मिरवनूक कुनी काढत न्हाई, बाई."

परतीच्या गाडीत सोनाली खिडकीला डोकं टेकून झोपली. सर तिच्याकडे बघत हळू आवाजात बोलायला लागले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे बाळू नावाचा कबड्डीपटू होता. सामन्याआधी त्याचा गुडघा सुजला. सरांनी त्याला दुखणं दबवायचं इंजेक्शन द्यायला लावलं आणि खेळवला. शाळा जिंकली. बाळूचा गुडघा मात्र पुन्हा नीट वाकला नाही.

"त्याला आता खुरपायलाबी बसता येत न्हाई. आन ती ढाल हापिसात टांगलीय. लोक म्हनत्यात, शेख सरांनी मिळवली." मग म्हणाले, "त्यो आजबी भेटला की पाया पडतो माझ्या. तेच सोसत न्हाई."

मी मांडीवरचा एक्स-रे पाकिटात नीट सरकवला.

सोनाली पुढच्या वर्षी पुन्हा खेळली. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. पण ती सामना संपेपर्यंत पळत होती, आणि पाणी प्यायला आली ती आधी सरांजवळ.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर उठून म्हणाले, "मी रोजच बोललोय. आता र्‍हाऊ द्या."

नवे शिक्षक आले. उत्साही आहेत, वाईट नाहीत. सकाळ-संध्याकाळ सराव, तोही डांबरी रस्त्यावर, सुट्टी नाही. महिनाभरात आठवीतली एक मुलगी वर्गात बाकाखाली गुडघा चोळताना दिसली. मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही येऊन एकदा समजावून सांगा ना त्यांना."

ते म्हणाले, "लई थकलो, बाई. आता तुमी बोला."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. नवे शिक्षकही तिथेच होते. मी म्हणाले, "ती मुलगी आठवडाभर पळणार नाही." दोघांनी आधी एकमेकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाच्या बाईंना मैदानातलं काय कळतं, असं ते बघणं होतं. असं बघणं सरांनी बत्तीस वर्षं कसं झेललं असेल, कोण जाणे. मला तर पहिल्याच वेळी बसावंसं वाटलं.

मी उभीच राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.