मीराबाई प्रत्येक ओळीपाशी थांबायच्या

अठ्ठ्याण्णव साली डोंबिवलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लोकांना इंटरनेटवर पानं करून द्यायचो. म्हणजे काय, तर अक्षरं मोठी करायचो, लाल करायचो, जमलं तर लुकलुकवायचो. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

मीराबाई ठाकुर्लीहून यायच्या. पन्नाशीच्या. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका छापखान्यात बावीस वर्षं त्यांनी खिळे जुळवलेले, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. छापखाना बंद पडला आणि त्या माझ्याकडे आल्या. ‘महिनाभर बघतो, काम उरकलं तर कायम,’ मी बोललो. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे मला ठाऊक होतं.

काम काही उरकेना. टायपिंग झकास, पण बाई प्रत्येक ओळीपाशी थांबायच्या.

“हरिहर, ही ओळ काय आहे?”

“काय आहे म्हणजे? मोठी करा, बास.”

“मोठी करते हो. पण आहे काय? मथळा आहे का?”

“मोठी दिसली की मथळाच, बाई.”

“असं कसं? साड्यांच्या जाहिरातीत ‘सेल’ सगळ्यात मोठा लावायचो आम्ही. तो काय मथळा होता?”

शेवटी वैतागून मी एचटीएमएलचं, म्हणजे पानं ज्या खुणांनी लिहितात त्यांचं, पुस्तकच त्यांच्या पुढ्यात टाकलं. बाईंनी वहीत उतरवून घेतलं: मुख्य मथळ्याला एच-वन, पोटमथळ्याला एच-टू, परिच्छेदाला पी, यादीला यूएल, पत्त्याला तर चक्क अ‍ॅड्रेस.

“अहो, इथे तर सगळी सोय आहे. मग तुम्ही का नाही वापरत?”

“साधं दिसतं ते.”

त्याच महिन्यात ठाण्याच्या गोपीनाथ सरांच्या क्लासचं पान आलं. मी अर्ध्या दिवसात उरकलं असतं, बाईंनी चार दिवस घेतले. झालं ते अगदीच साधं, ना रंग ना काही. मी मनात पक्कं केलं, तीस तारखेला बाईंना ‘नको’ म्हणून सांगायचं.

एकोणतीसला गोपीनाथ सर दुकानात आले. त्यांच्या क्लासच्या मुलांकडे विद्यार्थ्यांचं स्वस्तातलं इंटरनेट कनेक्शन होतं. काळा पडदा, त्यावर नुसता मजकूर. चित्र नाही, रंग नाही, लहानमोठं अक्षरही नाही. सरांनी माझ्याच कॉम्प्युटरवर, दुकानातल्या फोनच्या लाइनवरून ते लावून दाखवलं. दुसऱ्या एका क्लासचं, माझ्यासारखंच नुसतं रंगवलेलं पान उघडलं तर सगळं एकात एक, कुठून वाचायचं कळेना. मग सरांच्या क्लासचं उघडलं. कुठली ओळ काय आहे ते बाईंनी खुणांनी सांगितलेलं, म्हणून मथळा वेगळा, विषयांची यादी ओळीने, खाली पत्ता.

“कुणी केलं हो हे?” सरांनी विचारलं.

‘मी’ अगदी तोंडाशी आलेलं. गिळलं.

“ह्या मीराबाईंनी.”

सर गेल्यावर मी बोललो, “बाई, उद्यापासून तुम्ही कायम.”

बाई पदराने चष्मा पुसून म्हणाल्या, “राहीन. पण तुमची जुनी पानं मला नीट लावू द्या.”

“लावा की. कुठलं आधी?”

“आपल्या दुकानाचं.”

सरांनी उघडा ठेवलेल्या काळ्या पडद्यावर ते पान उघडलं. पत्ता होता, फोन नंबर होता, माझी स्तुती होती. दुकानाचं नाव तेवढं कुठेच नव्हतं. ते मी तीन दिवस खपून चित्रात काढलेलं.