वकीलबाई आणि माझं सोमवारचं बंद दुकान

लिही शॅनिस, आणि मध्येच हसू नकोस.

अर्नेस्टीन टिलरीला आमच्या मॅकेल्वी गावात पहिल्यांदा वकीलबाई म्हटलं ते मी. तेव्हा तिचं डोकं माझ्या हातात होतं आणि कुरळे केस सरळ करायला गरम कंगवा. म्हटलं, "वकीलबाई, हलू नका, कान भाजेल."

तिची आई गोऱ्यांचे कपडे धुवायची. धुऊन धुऊन बोटांची सालं गेली, पण पोरगी वॉशिंग्टनला पाठवली कायदा शिकायला. पोरगी शिकून परत आली. इथे जॉर्जियात वकिलीच्या परीक्षेला बसली तर म्हणाले, तुझा पेपर हरवला. पुन्हा बसली, पुन्हा हरवला. तिसऱ्यांदा पेपर दिला आणि तिथंच ठाण मांडलं. "पावती द्या, मग उठते." चार तास बसली गं! पावती घेऊनच उठली. आमच्या जिल्ह्यात काळी बाई वकील झाली ती हीच पहिली. बाई कसली, आमच्यातला पुरुषही कुणी नव्हता झाला.

पण ऑफिसला खोली कोण देणार? घरमालक सगळे गोरे. मी म्हटलं, माझं केसांचं दुकान आहे की. ड्रायरशेजारची खुर्ची तुझी. मग काय, बायका ओल्या डोक्यानं तिच्यासमोर बसायच्या. कुणाच्या जमिनीचा कागद, कुणाचा मुलगा तुरुंगात. शनिवारी तर केसांपेक्षा कायदाच जास्त चालायचा. पुढे ती मतदार यादीचा फॉर्म भरायला शिकवू लागली आणि एका मंगळवारी बारा बायका कचेरीत नाव घालायला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मला पत्र. दुकान घाणेरडं आहे, इन्स्पेक्टरनं स्वतः येऊन पाहिलं, महिनाअखेर लायसन्स रद्द.

तुझे आजोबा जाऊन दोन वर्षं झालेली, तुझी आई एवढीशी. त्या दुकानाशिवाय मला होतंच काय? त्यात त्या मतदार यादीच्या कचेरीतला एक माणूस निरोप घेऊन आला, "टिलरीला बाहेर काढ, लायसन्स राहील." ती समोरच बसलेली. ऐकलं तिनं, पर्स उचलली. मी खांदा दाबून खाली बसवलं आणि त्या माणसाला म्हटलं, "हिचं अर्धंच डोकं झालंय. अर्धं डोकं घेऊन माझ्या दुकानातून कुणी बाहेर जात नाही."

तो गेल्यावर अर्नेस्टीन म्हणाली, "व्हर्डेल, दुकान जाईल हं."

"मग तू वाचव. वकील कशाला झालीस?"

कोर्टात आम्हा काळ्यांना वरच्या गॅलरीत बसवायचे. अख्खं चर्च आलं होतं, रविवारच्या हॅटी घालून. मी खाली, तिच्या शेजारी. जज म्हणाला, "हं, बोल अर्नेस्टीन."

ती कागद वाचतेय. मान वर नाही.

"ए अर्नेस्टीन!"

वर अर्नेस्टीन प्यू म्हणून आमची म्हातारी मावशी होती, ऐंशीच्या पुढची. ती घाबरून उभी राहिली, "आले साहेब! मी काय केलं?"

तिला बसवतात तोवर अर्नेस्टीन बॉइकिन उठली, "मला बोलावलंत का हो?" मग लुसिल उठली. नाव लुसिल, पण उठली! मग सगळी गॅलरीच उभी. "आले साहेब, आले साहेब!" जज हातोडा आपटतोय, "सगळ्यांना बाहेर काढीन!"

तेव्हा आमची उठली. "साहेब, इथे अर्नेस्टीन पुष्कळ आहेत. टिलरी वकील एकच आहे."

जज लालबुंद. गोऱ्या वकिलांना मिस्टर, पण आम्हाला मिस म्हणायला त्यांची जीभच वळायची नाही, नुसत्या नावानं हाक. शेवटी पुटपुटला, "बोला, वकील."

"आता बोलते," म्हणाली.

इन्स्पेक्टरला उभं केलं. "दुकानात काय पाहिलंत?"

"जमिनीवर केस."

"केसांच्या दुकानात केस नाही तर काय, शेंगदाणे पडणार? आणखी?"

"घाणेरडे कंगवे. गिऱ्हाइकं दाटीवाटीनं बसलेली."

"तारीख?"

त्यानं कागद बघून सांगितली, चौदा तारीख.

"त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी या गावात केसांचं एकही दुकान उघडत नाही. व्हर्डेलबाई नदीवर मासे धरत होत्या, पाळकसाहेबांच्या बायकोबरोबर. विश्वास नसेल तर घरी जाऊन बायकोला विचारा, सोमवारी ती तरी कुणाकडे केस करते."

वर कुणीतरी फिस्सकन हसलं. जजसुद्धा खाली बघू लागला. मेल्या इन्स्पेक्टरनं दुकानात पाऊलच टाकलं नव्हतं!

लायसन्स मिळालं. मी ते ड्रायरच्या वर टांगलं, तिच्या खुर्चीच्या डोक्यावर. तिथे ती आणखी नऊ वर्षं बसली. मग समोरच्या बाजूला स्वतःचं ऑफिस झालं, दारावर नाव, पण शनिवारी डोकं माझ्याचकडे.

परवा गेली, तेव्हा शेवटचे केसही मीच केले. कान नाही भाजू दिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापलं, "अर्नेस्टीन, वय ८१, वारली." बस एवढंच. सोमवार होता, दुकान बंद, मला वेळच वेळ. पेपरच्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, "कुठली अर्नेस्टीन हो? आमच्यात पुष्कळ आहेत."

तिथला माणूस म्हणाला, "आजी, छापून झालंय."

"मग उद्या परत छापा. मी फोन धरून बसलेय."

बसले. छापलं त्यांनी. वकील मिस अर्नेस्टीन टिलरी.

तूही तसंच लिही. पूर्ण.